सात दिवसांची बंदी, तीस दिवसांचं पटल

६ मार्च २०१२, मंगळवार, सकाळचे सात. धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी तेव्हा मुनीम होतो. फाटकासमोर कापसाने भरलेली अकरा वाहनं पहाटेपासून रांगेत होती. एरवी त्या वेळेला पहिली ट्रॉली काट्यावर चढलेली असायची. त्या दिवशी शेठजींनी काट्याच्या खोलीला कुलूप घातलं आणि रांगेतल्या लोकांशी बोलायला मला बाहेर पाठवलं. आदल्या संध्याकाळी त्यांना मुंबईच्या दलालाचा फोन आला होता. दिल्लीने कापसाचं एक्स्पोर्ट बंद केलं, पुढचा हुकूम येईपर्यंत एकही गाठ देशाबाहेर जाणार नाही, कराराची नोंदणी झालेली असली तरी नाही.

रांगेत सगळ्यात पुढे एक आप्पा होते. ट्रॉलीत वीस क्विंटल कापूस, वरून जुनी लुगडी जोडून शिवलेलं झाकण. "आप्पा, आज काटा बंद आहे," मी म्हणालो. त्यांनी झाकणाखाली हात घालून मूठभर कापूस काढला, बोटांनी पिंजून पाहिला, परत आत ठेवला आणि म्हणाले, "मंग आते घर लई जाऊ का?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे वकिलीची सनद घेतल्यावर मी या आठवड्याचे कागद पुन्हा काढून वाचले, आणि तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर दोन बाजूंनी बोलता येतं. मला छळतो तो दुसराच प्रश्न. ज्या संसदेने सरकारला ही कळ दाबायचा अधिकार दिला, त्या संसदेला कळ दाबली जाताना, आणि दाबलेली असतानाही, काही विचारायची सोय होती का? नव्हती. आजही नाही.

आधी त्या हंगामाविषयी. २०१०-११ मध्ये कापसाने क्विंटलला सहा-सात हजारांपर्यंत मजल मारली होती. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत त्या वर्षी लोकांनी घरांवर स्लॅब टाकले, विहिरी खोल केल्या. पुढच्या वर्षी लागवड वाढली आणि भाव चार हजारांच्या आसपास आला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ३३०० रुपये. सहा हजार भाव द्या म्हणून हिवाळ्यात आंदोलनं झाली. भाव चढेल या आशेवर खान्देशातल्या घराघरांत कापूस थांबवून ठेवलेला होता. पुढची खोली छतापर्यंत भरलेली आणि माणसं ओट्यावर झोपलेली, असं दृश्य त्या वर्षी गावोगाव होतं. कापसाने अंगाला खाज सुटते, उंदीर होतात, आणि एका बिडीच्या ठिणगीची भीती रात्रभर असते.

तरीही मार्चमध्ये कापूस बाहेर काढावाच लागतो, आणि त्याला दोन कारणं आहेत. ऊन तापलं की कापूस वाळतो, वजन घटतं. दुसरं कारण मोठं. विकास सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तरच व्याजाची सवलत मिळते आणि खरिपाला नवं कर्ज उचलता येतं. म्हणजे खान्देशातल्या कापूसवाल्याला रोख पैशाची सगळ्यात जास्त निकड मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांत असते. बंदीची तारीख ठरवणाऱ्या टेबलावर हे कोणी सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. सांगू शकणारं खातं त्या टेबलावर नव्हतं, हे पुढे येईलच.

आता सरकारची बाजू. ती पोकळ नव्हती. त्या हंगामात रुईची निर्यात खुली होती. व्यापाऱ्याने करार परकीय व्यापार महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएफटीकडे नोंदवायचा, प्रमाणपत्र घ्यायचं आणि माल पाठवायचा. देशाची गरज भागवून बाहेर पाठवता येईल असा साठा ८४ लाख गाठींचा धरलेला होता. मार्च उजाडेपर्यंत सुमारे ९४ लाख गाठी जहाजावर चढल्यासुद्धा होत्या, आणि नोंदणी त्याहून कितीतरी पुढे गेली होती. बहुतांश माल चीनकडे जात होता, कारण चीन आपला सरकारी साठा भरत होता. आधीच्या वर्षी चढ्या भावाच्या रुईने पोळलेल्या आपल्या सूतगिरण्यांना धास्ती बसली. शिरपूर-धुळ्याकडेही सूतगिरण्या आहेत, त्यांत आपलीच पोरं कामाला जातात. जुलै-ऑगस्टमध्ये रुई मिळाली नाही तर पाळ्या बंद पडतात, ही भीती खरी होती.

एक गाठ १७० किलोची. साधारण पाच क्विंटल कापसातून तेवढी रुई निघते. म्हणजे आप्पांची ट्रॉली चार गाठींची. लाखांच्या हिशोबात चार गाठी कुठे दिसणार? पण डीजीएफटीने ५ मार्चला काढलेली अधिसूचना लाखांच्या आणि चारच्या, दोन्ही हिशोबांना एकाच फटक्यात लागू झाली. नोंदणी प्रमाणपत्र हातात असलेला मालही अडवला गेला, ही त्यातली सगळ्यात जहाल गोष्ट. सरकारकडे रीतसर नोंदवलेल्या करारावर विसंबून शेठजींनी कापूस खरेदी केला होता. सरकारनेच दिलेला कागद सरकारनेच एका रात्रीत निकामी केला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुई उसळली आणि इकडे आमच्या फाटकावर भाव बसला. जगात महाग झालेली वस्तू तिच्या मालकाच्या अंगणात स्वस्त झाली.

तो आठवडा कसा गेला ते तारखांवरून बघण्यासारखं आहे. सोमवारी अधिसूचना. तेव्हा वाणिज्य मंत्रालय आणि वस्त्रोद्योग मंत्रालय दोन्ही आनंद शर्मांकडे होती. मागणी करणारं खातं आणि मंजूर करणारं खातं एकाच माणसाच्या हाताखाली. कृषिमंत्री शरद पवार यांनी जाहीरपणे सांगितलं की हा निर्णय आपल्याला कळवला गेला नव्हता, आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्याकडे तक्रार केली. ज्या पिकावर घाला पडला, त्या पिकाच्या मंत्र्याला खबर नव्हती! गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही पत्र लिहून विरोध केला. बुधवारी होळी, गुरुवारी धुळवड. शुक्रवारी, ९ तारखेला, प्रणव मुखर्जींच्या अध्यक्षतेखालच्या मंत्रिगटाने फेरविचार केला. रविवारी, ११ तारखेला, शर्मांनी बंदी मागे घेत असल्याचं सांगितलं. सोमवारी, १२ तारखेला, तशी अधिसूचना निघाली. जुन्या नोंदण्या तपासून माल सोडायचा, नव्या नोंदण्या तूर्त नाहीत.

याच सोमवारी, १२ मार्चला, राष्ट्रपतींच्या अभिभाषणाने संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झालं.

ही गोष्ट मला पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी कॅलेंडर परत परत तपासलं. बंदी जन्मली तेव्हा संसद बसलेली नव्हती. संसद बसली त्या दिवशी बंदी संपली. बंदी उठली ती मंत्रिमंडळातल्या भांडणामुळे आणि राज्यांच्या दबावामुळे. पवारांच्या जागी कापसाच्या पट्ट्याशी संबंध नसलेला कृषिमंत्री असता तर काय झालं असतं? शेतकऱ्याचा बचाव कोणत्या मंत्र्याचं वजन किती यावर अवलंबून राहिला. नियमावर नाही.

नियम काय सांगतो ते आता बघू. परकीय व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ च्या कलम ३ खाली केंद्र सरकार हुकूम काढून कोणत्याही वस्तूची आयात किंवा निर्यात बंद करू शकतं, तिच्यावर अटी घालू शकतं. कलम १९ म्हणतं की असा प्रत्येक हुकूम शक्य तितक्या लवकर संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर, अधिवेशन चालू असताना, एकूण तीस दिवस ठेवायचा. दोन्ही सभागृहं सहमत होऊन म्हणाली की बदला किंवा रद्द करा, तर तो बदलतो किंवा रद्द होतो. वाचायला बरं वाटतं. पण पटलावर ठेवणं म्हणजे मान्यता घेणं नव्हे. कोणी काहीच बोललं नाही तरी हुकूम चालूच राहतो. आणि कलमाच्या शेवटी एक वाक्य आहे: रद्द झाला तरी त्याआधी त्या हुकुमाखाली जे झालं असेल त्याच्या वैधतेला बाध येणार नाही.

सात दिवस जगलेल्या हुकुमाला तीस दिवसांचं पटल. तो कागद तिथे पोहोचायच्या आधीच हुकूम मेलेला असतो, आणि जिवंत असता तरी त्याने केलेलं नुकसान त्या शेवटच्या वाक्याने आधीच झाकून टाकलेलं असतं.

खासदार प्रश्न विचारू शकत नाहीत का? शकतात. पण लोकसभेत तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाला किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते. ६ मार्चच्या सकाळी एखाद्या खासदाराने सूचना दिली असती तरी उत्तराला लवकरात लवकर २२ मार्च उजाडला असता. शून्य प्रहरात बोलता येतं, पण मंत्र्यावर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. विभागसंलग्न स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, वाणिज्य खात्याचीही आहे, आणि त्यांचे अहवाल कधीकधी फार चांगले असतात. मात्र या समित्यांनी खात्याच्या रोजच्या कारभारात सहसा पडू नये असा नियम आहे. निर्यात चालू-बंद करणं हा ‘रोजचा कारभार’ ठरला, की समितीचं दारही अर्धं लागतं. उरते अधीनस्थ विधानाची, म्हणजे कायद्याखाली सरकारने काढलेले नियम आणि हुकूम तपासणारी, समिती. हुकूम दिलेल्या अधिकाराच्या चौकटीत आहे का, वेळेत पटलावर आला का, हे ती बघते. आप्पांनी सोसायटीचे पैसे कुठून भरायचे, हे तिच्या कामात येत नाही.

यातली खरी विसंगती मला सनद मिळाल्यावरही दोन-तीन वर्षांनी कळली. निर्यात बंद करण्याऐवजी सरकारने निर्यात शुल्क लावायचं ठरवलं, तर रस्ता वेगळा आहे. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या कलम ८ खाली सरकार तातडीने निर्यात शुल्क लावू किंवा वाढवू शकतं, पण ती अधिसूचना संसदेपुढे ठेवून पंधरा दिवसांच्या आत ठराव मांडून मान्यता मागावी लागते. कारण शुल्क हा कर आहे, आणि कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही असं संविधानाचं कलम २६५ सांगतं. मालावर दहा टक्के शुल्क लावा, संसदेची मान्यता घ्या. माल शंभर टक्के अडवा, नुसता कागद पटलावर ठेवा. शेतकऱ्याच्या खिशावर दोन्हींचा भार पडतो, दुसऱ्याचा जास्त. तरी हलक्या हत्याराला पहारा आहे आणि जड हत्यार मोकळं आहे.

यावर माझ्याच बार रूममधले मित्र म्हणतात की आधी संसदेला विचारत बसलं तर तेवढ्यात साठेबाज जहाजं भरून मोकळे होतील. बरोबर आहे. आगाऊ परवानगी मागा असं मी म्हणतच नाही. शुल्काच्या बाबतीतही आधी अधिसूचना निघते, मान्यता नंतर येते. तेवढंच बंदीला लावा. अधिवेशन भरल्यावर पंधरा दिवसांत ठराव मांडा, कारणांचा कागद जोडा, त्यात साठ्याचा अंदाज कोणाचा हे लिहा, कृषी मंत्रालयाचं मत काय होतं हे लिहा. आपण संसदेत उभं राहून हे बोलणार आहोत, हे माहीत असलेला मंत्री ५ मार्चला सही करण्यापूर्वी कृषिभवनात एक फोन नक्की करतो.

२०१२ चं हे एकट्याचं प्रकरण असतं तर मी ते सोडून दिलं असतं. २०१० च्या एप्रिलमध्ये कापसाच्याच निर्यात करारांची नोंदणी थांबवली होती. मग कांदा. साक्री आणि चाळीसगावकडच्या लोकांना तारखा पाठ आहेत: ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीचा हुकूम, मुदत ३१ मार्चपर्यंत. २२ मार्च २०२४ ला ती पुढच्या हुकुमापर्यंत वाढवली, तेव्हा लोकसभा निवडणूक जाहीर झालेली होती. ४ मे ला बंदी उठली, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नवी लोकसभा बसली २४ जूनला. वाढवलेली मुदतही दोन अधिवेशनांच्या मधल्या फटीत जगली आणि संपली.

आता जे सांगतो ते कापसापासून लांबचं वाटेल, पण कायद्याच्या पुस्तकात ते त्याच पानांवर आहे. भुसावळकडून मुक्ताईनगरला जाताना वरणगाव लागतं. तिथली फॅक्टरी सैन्यासाठी ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसं बनवते. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेली. नव्या कंपन्यांनी परदेशात विक्री वाढवावी असं धोरण आहे, आणि देशाची संरक्षण निर्यात २०१३-१४ मधल्या ६८६ कोटींवरून २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली, असं सरकार अभिमानाने सांगतं. रोजगाराच्या दृष्टीने मलाही ते चांगलं वाटतं. आमच्या वाड्यातले दोन जण त्या फॅक्टरीतून निवृत्त झाले.

काडतूस परदेशी विकायचं तर परवाना लागतो, आणि त्या परवान्याचं मूळ पुन्हा तोच १९९२ चा कायदा आहे. त्याखाली परवाना लागणाऱ्या संवेदनशील वस्तूंची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे, तिच्यातला सहावा वर्ग युद्धसामग्रीचा. त्याचे परवाने संरक्षण उत्पादन विभाग देतो, अंतिम वापरकर्त्याचं हमीपत्र पाहून. कापसाची गाठ आणि काडतुसांची पेटी एकाच कायद्याच्या फाटकातून बाहेर पडतात, आणि दोन्ही वेळी संसद सारखीच लांब उभी असते. कापसाच्या बाबतीत निदान बाजारात ओरड होते. परवाना कोणत्या देशासाठी दिला, हे आपल्याला कळतच नाही. संसदेत प्रश्न आला की एकूण रुपयांचा आकडा मिळतो, पण देशांची नावं संवेदनशील म्हणून अनेकदा सांगितली जात नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला जाणाऱ्या शस्त्रांचे परवाने रद्द करा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली होती. परराष्ट्र व्यवहारात आम्ही पडू शकत नाही, असं म्हणून न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाची मर्यादा मला मान्य आहे. मग विचारायचं काम उरतं ते संसदेकडेच, आणि तिच्या हातात त्यासाठी काय आहे?

इतरांनी यावर काही वाटा काढल्या आहेत. अमेरिकेत ठरावीक रकमेच्या वरचा शस्त्रव्यवहार होण्याआधी सरकारला काँग्रेसला कळवावं लागतं, बहुतेक देशांच्या बाबतीत तीस दिवस आधी. ब्रिटनमध्ये इराकला गेलेल्या मालाच्या प्रकरणाची चौकशी होऊन १९९६ मध्ये स्कॉट अहवाल आला, त्यानंतर २००२ चा निर्यात नियंत्रण कायदा झाला. तिथे कोणत्या देशासाठी किती परवाने दिले, किती नाकारले, हे सरकार नियमित छापतं, आणि त्यावर खासदारांच्या समित्या मंत्र्यांना समोर बसवून विचारत आल्या आहेत. त्यामुळे तिकडची सगळी विक्री स्वच्छ झाली असं नाही. पण विचारायला बसायची खुर्ची तरी आहे. आपल्याकडे संरक्षणाची स्थायी समिती आहेच. तिला बंद दाराआड का होईना, दरवर्षी देशवार परवान्यांचा तपशील द्यायला काय हरकत आहे? गुपित सांभाळायची शपथ मंत्री घेतात, मग खासदारांवर एवढा अविश्वास कशासाठी?

आणि नोंदवलेल्या कराराचं काय, हे मला वेगळं सांगायचं आहे, कारण फाटकावर मी ते डोळ्यांनी पाहिलं. सरकारने प्रमाणपत्र दिलेला माल बंदीतून आपोआप वगळलेला असावा. वगळायचा नसेल तर त्याचं कारण हुकुमातच लेखी असावं. आमच्या शेठजींनी त्या आठवड्यात खरेदी थांबवली ती लबाडीने नाही. गोदामात तयार गाठी, बँकेचं कॅश क्रेडिट तुंबलेलं, आणि जहाजाची तारीख हुकलेली. जिनिंगवाला आपला धोका भावात घालतो आणि तो भाव शेवटी ट्रॉलीवाल्याच्या वाट्याला येतो. चार दिवसांनी काटा सुरू केला तेव्हा क्विंटलमागे अडीचशे रुपये कमी बोलायला मलाच सांगितलं होतं, आणि मी ते बोललो.

आप्पा मंगळवारी ट्रॉली परत घेऊन गेले. शनिवारी पुन्हा आले. मी त्यांना म्हणालो, दिल्लीत बैठक झालीय म्हणतात, दोन दिवस थांबून बघा. ते म्हणाले, ट्रॅक्टर भाड्याचा आहे, दोनदा आणायचं भाडं गेलं, तिसऱ्यांदा कुठून देऊ? आणि सोसायटीचा सचिव रोज घरी येतो. वीस क्विंटल भरले, त्यात वाळण्याची घट धरून काट्यावर एकोणीस क्विंटल साठ किलो आले. अडीचशेच्या हिशोबाने चार हजार नऊशे रुपये त्यांनी तिथेच सोडले. घट आणि भाडं वेगळं.

त्या काटापट्टीची कार्बन प्रत माझ्याजवळ आहे. माझ्याच अक्षरातली, शाई फिकी झालेली. कलम १९ चं ते शेवटचं वाक्य, ‘त्याआधी जे झालं असेल त्याला बाध येणार नाही’, वाचताना मी ती समोर ठेवतो. तारीख १० मार्च २०१२. दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर बंदी उठल्याची बातमी आली.